शिडीवर कोण कोण जोर लावतं

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला माझा मेकॅनिक्स राहिला, तेव्हा घरात मला कुणी रागावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. बाबा विमा कंपनीत अधिकारी. बदल्या होत होत आम्ही जयपूरला आलो आणि आदर्श नगरच्या फ्लॅटमध्ये रुळलो. पुन्हा परीक्षा आहे ना, मग दे, एवढंच ते म्हणाले. पण याही वेळी विषय राहिला तर माझं वर्ष जाणार होतं. मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि मी मागे, हेच सारखं डोळ्यांपुढे यायचं.

अभ्यास करत नव्हते असं मुळीच नाही. जवळच्या राजा पार्क भागात ट्यूशनला जायचे. तिथले सर फळ्यावर धडाधड गणितं सोडवायचे आणि ‘पॅटर्न पकड लो’ म्हणायचे. मी मान डोलवायचे. घरी येऊन तीच गणितं व्हिडिओवर बघायचे आणि पुन्हा मान डोलवायचे. दुसऱ्यानं सोडवलेलं गणित कुणालाही कळतं. स्वतः सोडवायला बसले की दर वेळी उत्तर चुकायचं.

त्या हिवाळ्यात साताऱ्याहून आत्या आली. ती तिकडे एकटी राहते, म्हणून तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बाबांनी इथेच करायचं ठरवलं. ते छान झालं. काळा चष्मा लागला, आणि काही दिवस टीव्ही, वाचन बंद. गप्प बसणं आत्याच्या रक्तातच नाही. शेजारणींशी बोलावं तर तिचं हिंदी भाजीवाल्यापाशीच संपायचं. आईबाबा कामावर, आणि मला परीक्षेआधीची सुट्टी. त्यामुळे दुपारभर बाल्कनीतल्या उन्हात मी, माझं पुस्तक आणि आत्या.

काय वाचतेस ते मोठ्यानं वाच, असा हुकूम झाला. मी इंग्रजीतला एक परिच्छेद घडाघडा वाचून दाखवला. तो शांतपणे ऐकून ती म्हणाली, आता मराठीत सांग.

इथे माझं पितळ उघडं पडलं. माझं मराठी जेवणापुरतं, पाहुण्यांपुरतं. कॉलेजात उलट्या जोराला ‘रिअॅक्शन’ म्हटलं की काम भागायचं, पुढे कुणी काही विचारायचं नाही. आत्यापुढे तो शब्द चालेना. चित्र दाखवावं तर काळ्या चष्म्यातून तिला ते दिसत नव्हतं, म्हणून जोर दाखवणारा एकेक बाण तोंडानं सांगावा लागायचा. मी दर वाक्यात ‘मतलब’ म्हणून अडकायचे. ती वैतागायची, मी तिच्याहून जास्त वैतागायचे. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथेच बसलेल्या असायचो.

एकदा भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित होतं. शिडी घसरू नये म्हणून जमिनीनं तिला किती धरून ठेवायला हवं, ते काढायचं. मी सांगत गेले. शिडीचं वजन खाली. जमीन तिला वर उचलून धरते. भिंत शिडीला इकडे ढकलते, शिडी भिंतीला तिकडे ढकलते. ते दोन्ही सारखेच, म्हणून कटले.

“थांब,” आत्या म्हणाली. “तू शिडीचं सांगतीयस का भिंतीचं?”

“शिडीचं. मतलब, दोन्हीचं.”

“दोन्हीचं कसं? शिडीचं सांगतीयस तर शिडीवर कोण कोण जोर लावतंय तेवढंच सांग की. भिंतीचं भिंत बघून घेईल.”

मी चिडून पुन्हा माझ्या चित्राकडे पाहिलं. शिडी भिंतीला ढकलते तो जोर शिडीवर नव्हताच. तो भिंतीवर होता, आणि मी तो शिडीच्या चित्रात काढून बसले होते. प्रत्येक गणितात मी हेच करत आले होते. दोघांचे बाण एका चित्रात कोंबायचे, आणि मग उत्तर का चुकतं म्हणून रडायचं. सर पहिल्या तासापासून सांगत होते, एक वस्तू वेगळी काढा. ते वाक्य मला पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच बहुतेक मी त्याच्याकडे कधी बघितलं नाही.

त्यानंतर मी व्हिडिओ बंद केले. आधी गणित आत्याला सांगायचं, मग कागदावर उतरवायचं. सांगताना जिथे अडकले, तिथेच मला काही कळलेलं नाही, हे आता मला ठाऊक झालं होतं. ती साताऱ्याला परत गेली तरी मी बाल्कनीत एकटीच बडबडायचे. परीक्षेतसुद्धा उतारावरचा ठोकळा आणि कप्पी बघून मी मराठीत पुटपुटले, ‘याच्यावर कोण कोण?’ पर्यवेक्षकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. पाहू देत, म्हटलं.

निकाल लागला तेव्हा मी जगतपुऱ्यात कॉलेजच्या गेटबाहेर स्कूटरवर बसले होते. पास. मार्क काही मिरवण्यासारखे नव्हते, पण वर्ष वाचलं. मी आईबाबांच्याही आधी आत्याला फोन लावला आणि म्हटलं, तुला मेकॅनिक्स कळत होतं म्हणून मी सुटले.

“मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली. “तुला कधी कळलं तेवढं कळायचं. तुझं ‘मतलब’ बंद व्हायचं.”

मला भर रस्त्यात रडू आलं. शेजारून ऑटो हॉर्न वाजवत होते, मी तशीच फोन कानाला लावून बसले, आणि पलीकडे आत्या विचारत होती की आता पुढचा विषय कुठला.