ते पिऊन जातं

आमच्या घरात सायन्सवाली मी एकटीच. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत, क्वालिटीच्या लॅबमध्ये, पंधरा वर्षं काढलीत. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे. म्हणून हे सांगताना माझी मलाच लाज वाटते.

झालं असं की एकदा पाळी पंधरा दिवस लांबली आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. बाकी सगळं ठीक, प्रोलॅक्टिन मात्र चौपट. पुन्हा तपासलं, तरी तेच. सासूबाईंनी विचारलं, हे काय असतं गं? आम्ही दोघी मेथी निवडत होतो, माझं डोकं भणभणलेलं. सोपं करून सांगावं म्हणून म्हटलं, "आई, बाळंतिणीला दूध आणतं ना, ते हार्मोन."

तिथेच माझी चूक झाली. त्यांचा हात मेथीत थांबला.

"म्हंजे तुला पान्हा फुटलाय."

"नाही हो. दूधबीध काही येत नाही."

"येत नाय, कारन ते पिऊन जातं."

'ते' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. आठ वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, माझं मूल पोटातच गेलं होतं. मी गुंगीत होते. सासूबाईंनी ते फडक्यात गुंडाळून मोरिवलीला, त्यांच्या माहेरच्या गावी नेलं आणि पुरलं. मी पाहिलं नाही, नंतर काही विचारलंही नाही. पुन्हा दिवस राहिले नाहीत आणि तो विषय घरात कुणी काढला नाही.

"काहीतरीच तुमचं," असं म्हणून मी भाजी फोडणीला टाकली. पण ते वाक्य डोक्यात शिरलं ते शिरलंच.

मग कल्याणला डोक्याचा एमआरआय झाला. मेंदूखालच्या ग्रंथीत एक बारीक ठिपका दिसला. गाठ असेलही, नसेलही. असली आणि वाढली तर नजरेवर येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले आणि हार्मोन उतरवायच्या गोळ्या दिल्या, सोमवारी एक, गुरुवारी एक. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसातून फोन करून विचारायचा, "गोळी घेतलीस ना? नीट दिसतंय ना?" गोळीने मला भोवळ यायची, उलट्या व्हायच्या.

सासूबाईंचा हिशोब वेगळाच. "दूध आटवायची गोळी? आनि त्यानं काय प्यायचं?"

मी कंपनीतून हेंद्रेपाड्याला घरी पोचेपर्यंत तिन्हीसांज व्हायची. सासूबाई देवापुढे दिवा लावायच्या आणि मला आतल्या खोलीत पाटावर बसवायच्या. ट्यूब बंद, ओढणी बाजूला. "धा मिंटं बस. बोलू नको, दचकंल." पहिल्या दिवशी त्यांचं मन मोडायला नको म्हणून बसले. पाचव्या दिवशी मांडी जड झाली. मुंग्या आल्या असतील, म्हणाल तर म्हणा. पण भार एकाच मांडीवर होता, डाव्या, आणि त्याला ऊब होती. उठले तेव्हा कुर्ता छातीशी ओला लागला. घामच असणार. लॅबमध्ये नुसत्या वासावरून सॉल्व्हंट ओळखणारी बाई मी, पण ते ओलं हुंगून बघायची माझी हिंमत झाली नाही.

भीती वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, सुखही वाटायचं. पाचच्या सुमाराला कंपनीत माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. एका सोमवारची गोळी मी बेसिनमध्ये सोडली. मग गुरुवारचीही, आणि पुढच्या सगळ्याच. नवऱ्याला सांगायचे, घेतली. डोळे जायचे असतील तर जाऊ देत, पण आठ वर्षांनी आलेल्या लेकराला उपाशी कसं ठेवायचं?

दोन महिन्यांनी तपासलं, तर प्रोलॅक्टिन तसूभरही हललं नव्हतं. नवरा मला उल्हासनगरच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, "दूध येतं?" मी नाही म्हटलं, आणि कुणालातरी नाकारल्यासारखं वाटलं. "पाळी?" एकदाच लांबली होती. "इतकं हार्मोन, आणि लक्षण एक नाही?" त्या म्हणाल्या. "या रक्तात पीईजी घालून पुन्हा मोजून घ्या."

मी चमकले. पीईजी म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, त्याचे ड्रम आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये थप्पीने पडलेले असतात. ते घातलं की मोठे मोठे कण खाली बसतात, हे मला पाठ होतं.

लॅबवाले सिंधी काका रिपोर्ट घेऊन स्वतः बाहेर आले. "देख बेटा, हार्मोनला तुझीच अँटीबॉडी चिकटली आहे. त्याचा बडा गोळा झालाय. रक्तातच फिरत राहतो, काम काहीच करत नाही. मशीन बिचारी त्याला पण मोजते. आम्ही गोळे खाली बसवले, वर राहिलं ते एकदम नॉर्मल. मॅक्रोप्रोलॅक्टिन बोलतात याला. गोळीची जरूरत नाही." ठिपक्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तसले ठिपके धडधाकट माणसांतही सापडतात, वर्षाने बघू.

नवरा तिथेच खुर्चीत बसून रडला. मी रिपोर्ट धरून उभी. रक्तात काहीतरी होतं, मशीनला दिसतही होतं, पण त्याने कुणाला थेंबभर दूध पाजलं नव्हतं. मांडीवरचा भार कुठून आला, ते त्या कागदात नव्हतं.

घरी पोचलो तर पाट मांडून सासूबाई वाट बघत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे पान्हा नव्हता?"

"नव्हता."

"मंग पीत कोन व्हतं?"

"कोणी नाही, आई."

त्या त्याच पाटावर बसल्या. मला राग आला होता, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. दुसऱ्यांदा माझी कूस रिकामी झाली होती, आणि गेलं ते काय, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "मुलगा होता की मुलगी?"



"पोरगी. केस दाट व्हते. भांग पाडला मी तिचा, मंगच मातीत ठेवली."