साड्यांच्या कुंपणावरून आलेला ताप

प्रिय आर्या आणि निशांत,

डॉक्टरांनी माझी पाठ पाहिली तो तापाचा सहावा दिवस होता. लातूरच्या दवाखान्यात, हिरव्या पडद्याआड, त्यांनी नर्सला दिवा जवळ धरायला सांगितला. उजव्या खांद्याखाली, ब्लाउजच्या काठाला लागून, मसुराएवढी काळी खपली होती आणि भोवती लाल कडं. मग त्यांनी माझे तळहात उघडून त्यांवरचे लाल ठिपके पाहिले.

“आजी, हा डेंग्यू नाही. गोचीड चावल्याचा ताप आहे,” त्या म्हणाल्या.

माझ्याकडे गुरं नाहीत, कुत्रं नाही, घर मी दिवसातून दोनदा झाडते, हे सगळं मी त्यांना इंग्रजीत सुनावलं. घाबरले की मी इंग्रजीत बोलते. निलंग्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याची ती खोड आहे.

तुमच्या बाबांनी फोनवर तुम्हाला काय काय सांगितलं ते मला कळलं आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. तिकडे तुमच्या ओळखीचं कोणी रानात फिरत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

आजाराचं नाव इंडियन टिक टायफस. टिक म्हणजे गोचीड. नाव तसं असलं तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. गोचिडीच्या पोटात रिकेट्सिया नावाचे जंतू असतात. गोचीड रक्त प्यायला चिकटली की ते आपल्या अंगात शिरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांना आतून सूज आणतात. चाव्याच्या जागी जी काळी खपली धरते तिला एस्कार म्हणतात. ती सगळ्यांनाच येते असं नाही. मला आली होती, फक्त मी ती कोणाला पाहू दिली नव्हती.

आता गोचीड कुठून आली ते सांगते. माझ्या लहानपणी आमच्या शिवारात रानडुक्कर नव्हतं. पुढे पाणी आलं, ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाला डुकरं आली. एका रात्रीत निम्मं सोयाबीन उकरून जातात. शिरूर अनंतपाळच्या आसपास सगळे करतात तेच मी केलं. बांधावर काठ्या रोवल्या आणि जुन्या साड्या ताणून बांधल्या. वाऱ्याने साडी फडफडली की डुक्कर बिचकतं. माझ्या शाळेत नेसायच्या साऱ्या साड्या तिथे होत्या. पण बिचकलं तरी ते साडीला अंग घासून जातं आणि अंगावरच्या गोचिडी बांधाच्या गवतात सोडून जातं. तिथून त्या साडीच्या काठावर चढतात. हे मला आता कळलं.

सोयाबीन निघाल्यावर साड्या सोडायच्या होत्या. काशीबाई माझ्या शेतात कामाला येते, शेजारीच राहते, वयाने माझ्याएवढी. ती साड्यांचा बोळा करून गोणीत कोंबते. मला ते पाहवत नाही. म्हणून मी प्रत्येक साडी झटकली, रंगांप्रमाणे लावून घडी घातली, गाठोडं बांधलं आणि दुपारी बाभळीखाली त्याच गाठोड्याला पाठ टेकून तासभर पडले.

आठवड्याने थंडी वाजून ताप आला. डोकं असं ठणकलं की उजेड सोसेना. गावाजवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी डेंग्यूची आणि मलेरियाची तपासणी झाली. दोन्ही नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होत होत्या. चौथ्या दिवशी तुमचे बाबा पुण्याहून आले आणि मला लातूरला दाखल केलं.

तिथे वॉर्डातल्या डॉक्टरांनी सगळं अंग तपासू द्या म्हटलं, तेव्हा मी नको म्हटलं. पाठीवर काही नाही, मी स्वच्छ बाई आहे, असं सांगितलं. काही चावलं का, असंही त्यांनी विचारलं. त्यालाही नाही म्हटलं. या दोन नकारांत माझे दोन दिवस गेले. पाचव्या दिवशी धाप लागू लागली, रक्तदाब उतरला, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. तुमच्या बाबांनी बाहेरच्या बाकावर बसून ठरवून टाकलं होतं की यातून उठले तर आईने गावात राहायचं नाही. पडद्याआडून मला ते ऐकू आलं. मरणापेक्षा मला तेच जास्त लागलं.

सहाव्या दिवशी सकाळी काशीबाई एसटीने आली. बाई पाठ दाखवत नाहीत, असं नर्सने तिला सांगितलं असावं. ती कॉटशी उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“साड्या सोडल्या त्या दिशी माझ्या अंगावर दोन गोचिडी निघाल्या व्हत्या. सुनंनं न्हाताना काढल्या. तुमची पाठ कुनी बघितली? बाई, लाज तुमाला हाय, गोचिडीला न्हाई.”

मी कूस बदलली आणि पाठ पुढे केली. पुढचं वर लिहिलंच आहे.

रक्त तपासणीला गेलं, पण डॉक्टर रिपोर्टसाठी थांबल्या नाहीत. संशय आला की औषध लगेच सुरू करायचं, कारण थांबण्यात माणसं जातात, असं त्या म्हणाल्या. औषध डॉक्सिसायक्लिन, साधं जुनं अँटिबायोटिक. औषधाच्या तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मी उठून बसले आणि मला भाकरी मागावीशी वाटली.

घरी सोडायच्या दिवशी तुमच्या बाबांनी डॉक्टरांना विनंती केली, आईला शेतात जायला मनाई करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली; पुढे काय काय पाळायचं ते तीत लिहून ठेवलं होतं. पाय झाकणारे बूट, पूर्ण बाह्या. बांधावरचं गवत कापून घेणं. साड्या सोडल्या की आधी उकळत्या पाण्यात, घडी नंतर. शेतातून आल्यावर अंघोळ आणि सगळं अंग तपासणं. ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना शेत आणि डुकरं दोन्ही सांगणं.

त्यांनी यादी वाचली. “सगळं बरोबर. पण पाठ कोण पाहणार?” त्यांनी विचारलं.

तुमच्या बाबांना हेच हवं होतं. ते म्हणाले, “आई, तिथं तू एकटी. पुण्यात आम्ही आहोत.”

मी म्हटलं, “ऊस आहे तोवर डुकरं कुठं जाणार नाहीत. मग मी का जाऊ?”

ते रागावले, तुमच्या आजोबांसारखेच. पण डॉक्टरांचा प्रश्न खरा होता. तुमचे आजोबा गेल्यापासून माझी पाठ कोणी पाहिलेली नव्हती आणि पाहावी असं मी कोणाला म्हटलंही नव्हतं. ते म्हणणं मला तापापेक्षा जड गेलं. गाडी गावात थांबली तेव्हा काशीबाई दारात उभी होती. तुमच्या बाबांच्या देखत मी तिला विचारलं, रोज संध्याकाळी माझी पाठ पाहशील का.

ती म्हणाली, “बघते की. पर माझीबी तुमीच बघा. सून आता म्हायेरी गेलीया बाळंतपनाला.”

तुमचे बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच पुण्याला गेले. जाताना बूट आणून देऊन गेले, एक जोड मला, एक काशीबाईला. त्या डॉक्टर, ती नर्स, आणि रागावूनही बूट आणणारा माझा मुलगा, या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे.

हरभरा वर आला आहे. भोवती साड्या पुन्हा बांधल्या आहेत. काल संध्याकाळी शेतातून आल्यावर मी दाराकडे पाठ करून बसले. काशीबाईने पाहिलं. काही नव्हतं. मग ती बसली. तिच्या कानामागे एक सापडली. ती म्हणाली, रॉकेल लावा. मी म्हटलं, रॉकेल नाही, विडीचा चटकाही नाही. चिमट्याने कातडीलगत धरली आणि सरळ ओढली. पूर्ण निघाली.

“माझ्या पोराचा कान वर्गात तुमी असाच धरत व्हता,” काशीबाई म्हणाली, “आता माझा सापडला.”

मी तिला मान खाली घालायला सांगितलं आणि दुसरा कान पाहिला.