लोखंडी पुलाच्या पलीकडे

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि त्या धुलाईखान्याच्या मोठ्या बाई म्हणजे भिंगरी. हे नाव तिथं अर्थातच कुणाला माहीत नव्हतं. लहानपणी पायाला चाकं लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून ते दादानं ठेवलेलं. पुढं झालं भलतंच. फिरायला गेला तो दादा. डोंगरात, नदीनं कापून काढलेल्या खोल दरीतल्या पायवाटेवर त्याला चौकीदाराची नोकरी लागली. आणि भिंगरी जन्मभर इस्त्रीच्या यंत्रासमोर वाफेत उभी राहिली.

दर रविवारी दादाचा फोन यायचा. घरची खुशाली झाली की ती म्हणायची, "आता वाट सांग."

दादा सांगायचा. आधी लोखंडी पूल. मग कड्याच्या अंगानं गेलेली अरुंद वाट, डाव्या हाताला धरायला साखळी. तिथून नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. आणि मग दोन्ही कडे इतके जवळ येतात, की वर आभाळाची एक फीत तेवढी उरते.

"ये ना एकदा. दोघं जाऊ," तो म्हणायचा.

"येते रे. या वर्षी नक्की."

पण बेत ठरला की माशी शिंकलीच. एकदा मुलीची परीक्षा, एकदा तिचं लग्न, एकदा सासूबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. भिंगरीनंही मग कपाळाला हात लावणं सोडून दिलं. धुतलेल्या चादरींच्या उंच थप्प्यांमधून जाताना मात्र ती उगीच डावा हात पुढं करायची. तिथं साखळी नव्हती. ऊन ऊन कापड हाताला लागायचं.

मग एका रविवारी दादा म्हणाला, "भिंगरे, मी आता निवृत्त होतोय. हा हंगाम संपला की चौकी सोडायची."

त्या दिवशी तिनं वाट सांग म्हटलं नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन जाड तळव्याचे बूट घेतले आणि तेच घालून स्वयंपाकाला उभी राहिली.

नवरा बसचालक. आयुष्यभर बसून प्रवास केलेला माणूस. तो म्हणाला, "अगं, डोंगर काय ओट्याजवळ यायचाय का?"

"बूट पायात रुळायला लागतात म्हणे."

"आणि बाईसाहेब कधी रुळणार? जिना चढलीस तर शेजारी विचारतात, कुणाला दम्याचा झटका आला!"

"चेष्टा करा तुम्ही. मी जाणार आहे, अहो."

दुसऱ्या दिवसापासून तिनं लिफ्ट सोडली. कपड्यांचे गठ्ठे उचलून जिन्यानं वॉर्डात पोचवू लागली. टाचांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. इस्त्रीवरच्या बायका हसायच्या, पण डब्याच्या सुट्टीत त्याच विचारायच्या, "बाई, आज वाटेत कुठवर पोचलात?" ती सांगायची, "पुलावर."

रजा मंजूर झाली, तिकीट आलं. आणि नेमका सासूबाईंना ताप चढला. भिंगरीनं बूट पलंगाखाली सरकवले आणि कपाळावर ओली पट्टी ठेवायला बसली.

"सूनबाई," डोळे मिटूनच सासूबाई म्हणाल्या, "माझं निमित्त किती वर्षं पुरवणार आहेस?"

"असं काय बोलता, आई?"

"खरं तेच. माझा ताप उतरेल नाहीतर मी जाईन, दोन्हीत तुझं काम नाही. माझे पाय गेले. तुझे आहेत तोवर वापर की. पट्टी ठेवायला माझा लेक आहे, त्याला जरा उभं राहू दे."

दाराशी नवरा मान खाजवत उभा होता. "जा तू," तो म्हणाला. "मी बघतो."

ती गेली. बस डोंगरात शिरली, तशी खिडकीतून गार हवा आली आणि तिला उगाचच रडू आलं. थांब्यावर दादा उभा होता, केस पांढरे, हातात काठी. जंगलात लागते काठी, असं तिला वाटलं.

सकाळी दोघं निघाली. सगळी वर्षं तिनं मनात हेच पाहिलं होतं: पुढं दादा, मागं ती. लोखंडी पुलाशी दादा थांबला.

"इथून पुढं तू जा."

"म्हणजे?"

"गुडघा गेलाय गं. पुलापलीकडे मी कित्येक वर्षांत गेलो नाही. तिकडचं काम दुसरे बघतात."

"मग रविवारी सांगायचास ते?"

"आठवून सांगायचो."

"मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू यायचं सोडून दिलं असतंस."

ती पुलावर गेली ती रागानं. वळणावर मागं पाहिलं, तर दादा काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडेच पाहत होता, आणि राग कुठल्या कुठं गेला. साखळी बर्फासारखी गार होती. नदी आधी ऐकू आली, मग पायाखालून तिची थरथर जाणवली, आणि मग खरोखरच कडे जवळ आले. ती मान वर करून उभी राहिली. "दादा, बघ," ती मोठ्यानं म्हणाली. पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. दहा वर्षं आधी आले असते तर, असं तिच्या मनात आलं आणि ते जाईना.

परत आली तेव्हा दादा पुलाशीच बसला होता. काही विचारण्याआधी त्यानं तिला पाणी दिलं.

"तिथं उजव्या कड्यातून एक वाकडं झाड बाहेर आलंय, पाण्यावर वाकलेलं. पाहिलंस?"

तिनं पाहिलं होतं. तिथं नुसता तुटका बुंधा होता. आहे म्हणावं, असं एकदा जिभेवर आलं.

"नाहीये रे ते आता. पडलंय."

दादा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "पाणी कसं होतं?"

भिंगरी त्याच्याशेजारी खडकावर बसली. पुलापासून सुरुवात करून तिनं सगळी वाट सांगायला घेतली, आणि दादा आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत राहिला.