गोपिकाचं दुसरं नाव

सिंदी मेघेतल्या नव्या वस्तीत सकाळी गोपिकाच्या पाळणाघराच्या फाटकापाशी स्कूटरांची गर्दी व्हायची. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात नोकरीला. जाता जाता पोर गोपिकाकाकूंच्या कडेवर द्यायचं आणि निघायचं. रडणारं पोर आईची स्कूटर वळणाआड जायच्या आत गप्प झालेलं असायचं. युक्ती विचारली की गोपिका हसायची.

"काई युक्ती नाई बाप्पा. सगळे त्याले रडू नको म्हणते, मी म्हणते रड. मंग त्यालेच कंटाळा येते."

तिला स्वतःचं मूल नव्हतं. म्हणजे झालं होतं. बारसं व्हायच्या आतच गेलं. त्यानंतर तिनं जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं. नवरा नरहर, कॉलेजात क्लार्क, साधा माणूस, तो गोंधळूनच गेला. शेवटी समुद्रपूरहून तिचा धाकटा भाऊ नीरज आला आणि तिला नागपूरला मनोरुग्णालयात घेऊन गेला. वार्डात ती बरेच आठवडे होती. नीरज घरची वांगी-मेथी विकायला नेणारा पोरगा. तो एसटी बदलून डबा घेऊन यायचा, ती तोंड उघडत नसली तरी घास घेऊन बसून राहायचा. घरी बोलता यावं म्हणून तिला पहिला मोबाइलही त्यानंच घेऊन दिला. सुट्टी मिळाली त्या दिवशी तो म्हणाला होता, "ताई, हे आपल्या तिघातच राहीन. लोकायले सांगायचं, टायफॉइड झाल्ता."

तेव्हापासून तो टायफॉइडच होता. पुढे नीरजचं लग्न झालं, पण त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही. त्या गोष्टीचं गोपिकाला फार मोल होतं. जगात एक माणूस असा आहे, की ज्यानं आपल्याला तसं पाहिलं आणि गिळून टाकलं. दर रविवारी ती त्याला फोन करायची. नरहरला न सांगितलेलंही त्याला सांगायची.

मग एका सोमवारी पिंकीची मुलगी वेदश्री आली नाही. पिंकी बँकेत होती. सासूबाई आल्या आहेत, असा तिचा निरोप आला. त्याच आठवड्यात आणखी दोन पोरं बंद झाली. कुणाची आजी आली, कुणाची मावशी. एकाच वेळी एवढ्या आज्या-मावश्या कुठून आल्या, गोपिकाला कळेना.

बाजारात पिंकी दिसली. कडेवरच्या वेदश्रीनं काकूंकडे झेप घेतली, आणि पिंकीनं तिचा हात धरून मागं ओढला. पोरगी कळवळून रडली.

"काऊन वं पिंकी?" गोपिका म्हणाली. "माह्यं काई चुकलं काय?"

पिंकीचा चेहरा उतरला. तिनं गोपिकाला भाजीवाल्यांपासून बाजूला नेलं. "काकू, राग नका मानू. माझ्या नणंदेनं एका वेबसाइटवर तुमचा नंबर टाकून पाहिला. कोणाचाबी नंबर टाकला का सगळं येते त्याच्यावर." आणि तिनं मोबाइल पुढं केला.

गोपिकाचं पूर्ण नाव होतं. वय होतं. नातेवाईक म्हणून नरहरचं नाव, गल्ली, घराजवळची पाण्याची टाकी, सगळं. खाली लोकांनी हा नंबर कोणकोणत्या नावानं ठेवला आहे ते दिलेलं. गोपिका काकू. गोपिका पाळणाघर. वेदू पाळणाघर. आणि त्यांच्याच रांगेत, तेवढ्याच अक्षरांत: गोपिका पागलखाना.

"खोटं आहे न काकू हे?" पिंकी म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती.

गोपिकाला 'हो' म्हणता आलं असतं. ती भाजीची पिशवी तिथंच विसरून घरी आली.

नरहरनं संध्याकाळी चार जणांना विचारून माहिती काढली. "आपला नंबर ज्याच्या फोनात जसा लिहिला असते, तसाच जाते. त्यानं एखादं ॲप टाकलं, परवानगी देल्ली, का त्याच्या फोनातले सगळेच नावं त्या लोकाईकडे."

"पण असं लिहून ठेवलं कोणं?"

घरच्या तिघांशिवाय ठाऊक होतं ते फक्त मंदाबाईला. तळेगावची ही बाई वार्डात आपल्या बहिणीजवळ राहायची; गोपिकाची वेणीही तिनंच घालून दिली होती. अजून कधीमधी तिचा फोन यायचा. गोपिकानं तिला फोन लावला आणि रागाच्या भरात नको ते बोलली.

मंदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्याजवळ बटनाचा फोन आहे बाई. नंबर पोथीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवते मी. आन तो शब्द मी माह्या सख्ख्या बहिणीसाठी तोंडातून काढला नाई, तं तुह्यासाठी काढीन?"

गोपिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माफी मागू लागली, तशी मंदाबाईच म्हणाली, "जाऊ दे. जेवलीस काय?"

दुसऱ्या दिवशी पोरं नव्हतीच फारशी. उरलेल्या दोघांना रजा घेतलेल्या नरहरवर सोपवून गोपिका समुद्रपूरच्या बसमध्ये बसली. नीरजला मोबाइलमधलं कळतं, तो काहीतरी मार्ग काढील, असं तिच्या मनात होतं. खरं तर तिला फक्त त्याच्यासमोर बसून रडायचं होतं.

नीरजचं आता बियाण्या-औषधाचं कृषी केंद्र होतं, स्टँडपासून जवळच. ती पोचली तेव्हा तो मागच्या गोदामात पोती मोजत होता. आतून त्याचा आवाज येत होता. काउंटरपाशी रूपराव नावाचा गावातला शेतकरी फवारणीच्या औषधासाठी थांबला होता. गोपिकानं पायरीवरूनच नीरजला फोन लावला, मी आली म्हणून सांगायला. फोन काउंटरवर पडलेला. तो वाजला. रूपरावनं वाकून पाहिलं आणि हसत आत हाक मारली.

"नीरजभाऊ, या लवकर! पागलखान्यातून फोन आहे बा!"

नीरज हात झटकत बाहेर आला. त्यानं आधी फोन पाहिला, मग पायरीवर कानाला फोन लावून उभी असलेली बहीण पाहिली. रूपरावनंही पाहिलं. त्याचं हसू विरलं. "मी मंग येतो," असं पुटपुटत तो औषध न घेताच उतरला.

गोपिका आत आली. तिनं स्वतःचा फोन बंद केला तेव्हा काउंटरवरचा वाजायचा थांबला.

"ताई, बस न. पाणी आणतो."

"तू लिहिलं हे?"

"अवं, तेव्हाचं आहे ते. तू वार्डात होतीस, नवीन फोन घेऊन देल्ला, तेव्हाच टाकलं नाव. माह्या फोनात दोन गोपिका होत्या. एक आपल्या आत्याची पोरगी."

"तिच्यापुढं काय लिहिलं?"

नीरज काउंटरवरची पावतीपुस्तकं रचू लागला.

"सांग न. तिच्यापुढं काय लिहिलं?"

"आत्याची."

"आन माह्यापुढं ताई नाई लिहिता आलं तुले?"

"हळू बोल वं. गिऱ्हाईक येऊन राह्यले." नीरज दाराकडे पाहत म्हणाला. "मी कोणाले सांगितलं काय? तुह्या भावजयले बी माईत नाई अजून. दुकानात अनोळखी लोकायचे फोन येते, म्हणून ते नाव सांगणारं ॲप टाकलं. ते सारं उचलून नेईन, हे मले काय माईत?"

"ॲपचं नाई म्हणून राह्यली मी." तिचा आवाज आता खरंच हळू झाला होता. "इतके वर्सं दर रविवारी मी तुले फोन करते. दरवेळी ते नाव पाहून तू फोन उचलला, आन मले म्हणला, बोल ताई."

"मले ते दिसतच नव्हतं ताई. सवय झालती."

तिला वाटलं होतं, त्यानं गिळून टाकलं. त्यानं तर फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

नीरजनं तिच्यासमोर नाव बदललं. 'ताई' असं लिहून त्यानं फोन तिच्यापुढं धरला. तिनं पाहिलं नाही. ती आल्याचं कळून भावजय दुकानात आली, तिनं घरी जेवायला थांबायचा खूप आग्रह केला. काय झालं ते तिला कळतच नव्हतं. गोपिका पुढच्या बसनं परत आली.

त्या वेबसाइटवरून नाव काढायचं तर नाव, नंबर, पत्ता, आधारकार्डाचा फोटो, सगळं त्यांनाच परत पाठवायचं होतं. नरहरनं नाइलाजानं पाठवलं. पोलिसांतही तक्रार दिली. काही दिवसांनी तो शब्द तिथून गेला, पण तसल्याच दुसऱ्या एका साइटवर सापडला. मग नरहरनं शोधणं सोडून दिलं.

गोपिकानं पोरांच्या आईबापांना एका रविवारी घरी बोलावलं. चहा दिला आणि उभं राहूनच सांगितलं. "माह्यं लेकरू गेल्तं. मी आजारी पडली, नागपूरले औषध घेतलं, बरी झाली. तुमचे लेकरं त्याच्यानंतरच माह्या हातात आले. पुढं तुम्ही पाहा." एक बाप म्हणाला, हे आधी सांगायला पाहिजे होतं. तिनं मान हलवली. त्याचं पोर पुन्हा आलं नाही. पिंकी दारातच डोळे पुसत उभी होती. पंधरवड्यानं तिनं वेदश्रीला आणून सोडलं. हळूहळू आणखी काही पोरं आली. सकाळची गर्दी मात्र पूर्वीसारखी झाली नाही.

नीरज दोनदा येऊन गेला. भाजीची मोठी गाठोडी ठेवून, खाली मान घालून जेवून गेला. गोपिकानं त्याला वाढलं, पोळीवर तूप घातलं, त्याच्या पोरांची चौकशी केली. भांडण असं काहीच नाही. रविवारचा फोनही चालू आहे, फक्त आता तोच लावतो.

गेल्या महिन्यात बाळ गेलं त्या तिथीला तिला रात्रभर झोप लागली नाही, घास गिळवेना, आणि ती घाबरली. तिनं मंदाबाईला फोन केला. नरहरलाही सांगितलं. दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन आली. नंतरच्या रविवारी नीरजचा फोन आला.

"ताई, बरी आहेस न?"

"बरी आहे," ती म्हणाली, आणि तिकडं पाऊस कसा आहे ते विचारलं.