उस्तादांची पथरी

दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी सरली. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना मला जुने वस्तरे आणि त्यांना धार लावायच्या पथऱ्या गोळा करायचा नाद लागला. पथरी म्हणजे साबणाच्या वडीएवढा चपटा, गुळगुळीत दगड. पूर्वी प्रत्येक न्हाव्याच्या पेटीत असायचा. रविवारी जुन्या बाजारात, कुलपं आणि बंद घड्याळांच्या ढिगात एखादी मिळून जायची, तेला-साबणाने काळी पडलेली.

घरी आणून मी ती भिजवायचो, टूथब्रशने घासायचो. मग तिच्यावर पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि काचेवर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर, ठेवून त्यावर ती फिरवत राहायची. सगळ्या रेघा गेल्या की पथरी सपाट झाली. खालून कधी विटकरी, कधी राखाडी रंग वर यायचा आणि मला फार बरं वाटायचं.

“सकाळी सकाळी काय पाजळताय?” बायको विचारायची.

मुलगा दिल्लीतच वाढलेला. “पाजळणं म्हणजे?” त्याने एकदा विचारलं.

“तुझे बाबा करतात ते,” ती म्हणाली.

मुलाची मराठी शाळा पहाडगंजमध्ये होती. तिच्याजवळच्या एका दुकानात मी त्याचे केस कापून घ्यायचो. त्याची शाळा संपली तरी माझं जाणं चालूच राहिलं. दुकानदार माझ्याच वयाचे, मी त्यांना उस्ताद म्हणायचो. एकदा बोलता बोलता मी त्यांना माझ्या नादाबद्दल सांगितलं. त्यांनी खालचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेली पथरी काढली.

“अब्बा की है,” ते म्हणाले. “अब तो सब ब्लेड का काम है. ले जाइए, आपके काम आएगी.”

पैशांचा विषय त्यांनी मला काढूच दिला नाही.

पथरी काळपट, काचेसारखी चकचकीत होती आणि मधोमध किंचित खोलगट. पुढच्या रविवारी सकाळपासून मी तिच्यामागे लागलो. खोलगटपणा जाता जाईना. तीन-चार कागद झिजले, बोटांची टोकं सोलवटली. संध्याकाळी ती एकदम नवी दिसायला लागली. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, असं मला वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी मोठ्या हौसेने दाखवायला घेऊन गेलो. खुर्चीत गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलेलं. उस्तादांनी चष्मा लावला, पथरी हातात घेतली आणि अंगठा तिच्यावरून मागेपुढे फिरवत राहिले.

“साफ़ तो बहुत अच्छी की है,” शेवटी म्हणाले.

“लेकिन?” मी विचारलं.

“अब्बा उम्रभर इसी पे हाथ चलाते रहे. धार उसी चिकनाई से बनती थी. अब ये खुरचेगी.”

आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाची दाढी करता करता त्यांनी मला समजावलं. रोज वस्तरा फिरून फिरून पथरीवर जी गुळगुळीत साय येते, तीच धार कातडीला न बोचण्याइतकी मऊ करते. ती मी खरवडून काढली होती. मी माफी मागितली. “आपने पूछा नहीं, मैंने बताया नहीं,” असं म्हणून त्यांनी पथरी फडक्यात गुंडाळून माझ्याच हातात दिली.

बसमध्ये मला स्वतःचाच राग येत होता. एका माणसाच्या हातांनी जे आयुष्यभरात केलं, ते मी मळ समजून दिवसभरात पुसून टाकलं होतं. तेही विचारायची तसदी न घेता.

पुढच्या खेपेला मी त्यांना विचारलं, हे भरून येईल का?

“रोज़ चलाइए. झाग लगाके, और दबाना नहीं.”

मग रोज आंघोळीआधी पथरीवर साबणाचा फेस लावून मी माझे वस्तरे आळीपाळीने तिच्यावर फिरवू लागलो. हात जड होता माझा. उस्तादांनी मनगट धरून दोन-तीनदा शिकवलं, तेव्हा कुठे तो हलका झाला. महिन्यांमागून महिने काहीच फरक दिसला नाही. मी निवृत्त झालो, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. नंतर केव्हातरी लक्षात आलं, पथरीवर खिडकीचा उजेड पुन्हा चमकायला लागला होता.

पथरी आणि एक वस्तरा घेऊन मी दुकानात गेलो. उस्तादांनी वस्तरा पाचसहा वेळा फिरवला, चामड्याच्या पट्ट्यावर ओढला, मनगटावरच्या केसांवर चालवून पाहिला. मग मला खुर्चीत बसायची खूण केली. गळ्याशी वस्तरा आला तरी तो आल्याचं कळत नव्हतं.

“अब्बा वाली बात नहीं है,” ते गाल पुसत म्हणाले, “पर चलेगी.”

“मग ती तुमच्याकडेच ठेवा,” मी हिंदीत म्हणालो. म्हणताना जिवावर आलं. एव्हाना ती मला माझी वाटू लागली होती.

त्यांनाही ते कळलं असावं. थोडं थांबून त्यांनी ती घेतली. या वेळी खणात टाकली नाही, आरशाखाली ठेवली. ज्याने मागावं त्याची दाढी वस्तऱ्याने करायला ते पुन्हा लागले. मागणारे आम्ही दोघं-तिघंच होतो.

घरी आणखी दोन पथऱ्या बाजारातून आणल्या तशाच, काळ्या पडून होत्या. त्यांना मी वॉटर पेपर लावला नाही.