‘रिलायबल’ शब्दाचे राखणदार

कोळवणच्या शाळेत तांबोळी सर इंग्रजी शिकवण्यासाठी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात आमचा वाद झाला. मी मराठीचा शिक्षक. ‘रिलायबल’ला ‘विश्वासू’ हा प्रतिशब्द पुरेसा आहे, असे माझे ठाम मत होते. सर नम्रपणे म्हणाले, “गुरुजी, विश्वासू माणूस आपल्याला फसवत नाही. रिलायबल माणूस येतो म्हणाला की येतो. पहिले माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत, दुसरे थोडे.”

त्या वादातून जडलेला स्नेह सरांच्या आजच्या षष्ट्यब्दीपूर्तीपर्यंत अखंड आहे.

हा शब्द त्यांनी कधी स्वस्त केला नाही, याचा अनुभव माझ्याच घराने घेतला. माझा मुलगा विजय याला पुण्यातील एका कारखान्यात नोकरीसाठी सरांची शिफारस हवी होती. सरांनी ‘हुशार’ लिहिले, ‘कष्टाळू’ लिहिले. ‘रिलायबल’ लिहिण्यास मात्र नकार दिला. “विजय गोड बोलतो आणि विसरतो. पावसाळाभर ओढ्यापलीकडच्या वाडीतली लहान मुले साकवावरून हात धरून शाळेत आणू दे, मग पाहू.” तोवर हे काम सर स्वतः करीत असत. मी दुखावलो, विजय मात्र जाऊ लागला.

श्रावणात सरांनी वाडीतील धोंडाबाईंना विचारले, “येतो का हो आमचा विजय?”

“तुमच्यापरीस बरा हाय, सर. तुमी मागल्या साली दोनदा चुकला व्हता.”

“मला ताप होता, बाई.”

“व्हय, ताप. आता मी वाट न्हाई बघत बसत. दप्तरं दारात ठिवते अन् कामाला लागते.”

सर मनापासून हसले आणि त्याच दिवशी त्यांनी तो शब्द लिहिला.

भाद्रपदात कारखान्याचे बोलावणे आले : ताबडतोब रुजू व्हावे. विजय अडून बसला. “ओढा अजून उतरलेला नाही. मुलांना कोण आणणार?” नोकरी हातची जाणार, या चिंतेने मला अन्न गोड लागेना. संध्याकाळी सर घरी आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तू जा, बाळ. उद्यापासून साकवावर मी आहे.”

त्यांचे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते. तरीही ओढा उतरेपर्यंत ते काठी टेकीत रोज गेले.

सरांची दृष्टी, वाणी आणि विशेषेकरून त्यांचे गुडघे त्यांना शंभरीपर्यंत साथ देवोत, ही आम्हा बापलेकांची मनःपूर्वक प्रार्थना.