पाटावरचा लॅपटॉप

मुलाखतीला तासभर उरला होता आणि माझ्या लॅपटॉपचा कॅमेरा सुरू होत नव्हता. मुलं लहान असताना मी नोकरी सोडली होती. गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरची तपासणी करायचं चाकणमधलं हे काम मिळालं, तर पुन्हा सुरुवात होणार होती. मोबाइलवर भागणार नव्हतं. कॅमेऱ्यासमोर बसून लॅपटॉपवरच प्रोग्रॅम लिहून दाखवायचा होता.

"काळेवाडीच्या दुकानात टाकून येऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"तो बघतो म्हणेल आणि उद्या या म्हणेल. तुम्ही चहा टाका."

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. बिघाड शोधताना मी अंदाज करत बसत नाही, एकेक शक्यता बाद करते. आधी जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. त्यात कॅमेरा होता, म्हणजे आतली वायर शाबूत. मग कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सुरू होताना काय नोंदवलं ते वाचलं. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे तो चालवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, एक ओळ नाही. तो हाताने सुरू करायला गेले तर उत्तर आलं, असा ड्रायव्हरच सापडत नाही. गेल्या आठवड्यात याच कॅमेऱ्यावर मी बहिणीशी बोलले होते. कर्नेलची आवृत्ती पाहिली, ती नवी होती. अपडेट अर्धवट झालं होतं; गाभा नवा आला आणि त्याचे बरेचसे ड्रायव्हर यायचे राहिले.

अपडेट मी खंडेनवमीला सकाळी लावलं होतं आणि फुलं आणायला बाहेर पडले होते. परत आले तेव्हा लॅपटॉप पाटावर होता. सासऱ्यांचे पाने-पक्कड, माझं शिलाई मशीन आणि मधोमध तो, झेंडूची माळ घालून. दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता, म्हणून मीही लावला नाही.

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"आई, पूजेआधी माझा लॅपटॉप कोणी बंद केला?"

"म्या केला. चालू मशिनीची पूजा करत्यात व्हय? तुजं सासरं भोसरीला लेथ चालवायचं, तर आदल्या सांजेलाच मशीन पुसून बंद. कुनाला हात लावू द्यायचं न्हाईत. तुजं ह्ये आपलं चालूच. बटण दाबलं, तरी हाटंना. मग धरूनच ठिवलं दाबून."

"धरून ठेवलंत?"

"मग काय करू? झालं की गप."

नवरा कप घेऊन दारात हसत उभा होता.

"हसू नका, चहा सांडेल," मी म्हटलं.

चिडायला वेळ नव्हता. राहिलेलं अपडेट पूर्ण करायला लावलं, ते संपेपर्यंत साडी बदलली आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागला. पडद्यावर मी दिसले आणि माझ्या खांद्यामागे लसणाची ताटली घेतलेल्या सासूबाई.

"म्या बी दिसतीया की!"

"दिसताय. आता आत जा बरं."

मुलाखतीत प्रोग्रॅम लिहून झाला. मग मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, अलीकडे शोधून काढलेला एखादा बिघाड सांगा. मी तासाभरापूर्वीचाच सांगितला, शोधला त्याच क्रमाने.

"पण अपडेट मध्येच थांबलं कशामुळे?"

"खंडेनवमीमुळे," मी म्हटलं आणि बटणाची हकिगत सांगितली.

तोवर गंभीर बसलेले गृहस्थ खदखदून हसले. "मॅडम, आमच्या टेस्टिंगच्या मशीनवर अजून हार आहे. कोणी काढायलाच तयार नाही."

नोकरी मिळाली. आता रोज कंपनीची बस पकडते.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी अपडेट पूर्ण केलं, लॅपटॉप बंद केला, पुसला आणि सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, कान लावला.

"बंद हाय न्हवं?"

"बंद आहे."

"मग ठिव पाटावर."